कोकणची विसरलेली वादळे

जगातील मोठ्या नैसर्गिक आपत्तींच्या याद्या चाळावयास घेतल्या, तर मुंबई शहराच्या नावापुढे एक भयंकर नोंद वारंवार आढळते: जून १८८२, चक्रीवादळ, मृतांची संख्या एक लाख. ग्रंथांतून ग्रंथांत आणि लेखांतून लेखांत ही नोंद उतरत गेली आहे. अरबी समुद्रावरील वादळांपैकी सर्वांत प्राणघातक म्हणून तिचा उल्लेख होतो आणि वाचणारा हळहळून पुढे जातो.

श्रोतेहो, या नोंदीसंबंधी सांगावयाची गोष्ट एवढीच की, हे वादळ झालेलेच नाही. १८८१ च्या खानेसुमारीत मुंबईची लोकसंख्या ७,७३,१९६ भरली होती. एक लाख माणसे एका वादळात दगावली असती, तर शहरातील दर आठ माणसांमागे एक माणूस नाहीसा झाला असता. दहा वर्षांनी झालेल्या खानेसुमारीत हीच संख्या ८,२१,७६४ झालेली दिसते. एवढ्या मोठ्या संहाराची खूण तीत उमटलेली नाही. त्या काळी मुंबईत वर्तमानपत्रे निघत होती, कुलाब्याच्या वेधशाळेत वाऱ्याचे व वायुभाराचे वेध नेमाने घेतले जात होते, नगरपालिका जन्ममृत्यूंची मोजदाद ठेवीत होती. कोलंबिया विद्यापीठाचे हवामानशास्त्रज्ञ ॲडम सोबेल यांच्यासारख्या अभ्यासकांनी जुन्या नोंदी धुंडाळल्या, तेव्हा अशा प्रलयाचा मागमूस कोठेच लागला नाही. कोणाच्या तरी चुकीने अथवा थट्टेने जन्मास आलेले हे वादळ कागदावरच घोंघावत राहिले, असा निष्कर्ष त्यावरून निघाला.

कागदावरील या वादळास स्मरणात अढळ जागा मिळाली. ज्यांनी खरोखर घरे पाडली, गलबते बुडविली आणि वाड्या उजाड केल्या, त्या वादळांचा मात्र कोकणच्या गावोगावी फारसा लेखी मागोवा राहिलेला नाही. खोटे वादळ ध्यानात राहावे आणि खरी वादळे विसरली जावीत, असे का झाले, आणि या विस्मृतीची किंमत आपण कशी मोजतो, याचा आज विचार करावयाचा आहे.

प्रथम खरी वादळे पाहू. सन १६१८ च्या मे महिन्यात वसई-मुंबईच्या बाजूस आलेल्या तुफानाचे वर्णन पोर्तुगीज इतिहासकारांनी करून ठेविले आहे. समुद्र वाऱ्याबरोबर वस्तीत शिरला, चर्चची छपरे उडाली आणि सुमारे दोन हजार माणसे प्राणास मुकली, असे ते वर्णन आहे. १८५४ च्या नोव्हेंबरच्या आरंभी मुंबई बंदरावर असेच तुफान कोसळले. अवघ्या काही तासांत लाखो रुपयांची मालमत्ता नष्ट होऊन सुमारे हजार माणसे दगावल्याच्या नोंदी आहेत. १९४८ च्या नोव्हेंबरात चक्रीवादळाने पुन्हा मुंबई शहरास गाठले. म्हणजे तीन शतकांहून अधिक काळात शहराच्या अगदी अंगावर आलेली, ठळकपणे नोंदली गेलेली मोठी वादळे बोटांवर मोजण्याइतकीच भरतात.

या नोंदी कोणी केल्या आणि कोठे केल्या, याकडे लक्ष दिले म्हणजे एक गोष्ट दिसून येते. वसईस पोर्तुगीजांचे ठाणे होते, म्हणून वसईचे तुफान लिहिले गेले. मुंबईस कंपनीची वखार, बंदर आणि १८२६ पासून कुलाब्याची वेधशाळा होती, म्हणून मुंबईचे तुफान लिहिले गेले. मधल्या किनाऱ्यावर मुरुड, दिवेआगर, श्रीवर्धन, बाणकोट, हर्णै, दाभोळ अशी गावे शतकानुशतके नांदत आहेत. वाऱ्याने मुंबईस ओलांडून यांपैकी एखाद्या गावास गाठले, तर ते लिहून ठेवणारा तेथे कोण होता? हवामानखात्याने संगतवार लावलेली चक्रीवादळांच्या मार्गांची नोंद १८९१ पासूनची आहे. त्यापूर्वीचा कोकणचा वाऱ्याचा इतिहास बहुतांशी मुका आहे.

आता ही वादळे म्हणजे नेमके काय, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. कारण आपल्या भाषेत वादळ, तुफान, वावटळ हे शब्द बरेचसे सरमिसळ वापरले जातात. चैत्र-वैशाखात देशावर उघड्या माळरानावर धुळीचा भोवरा उठतो, पाचोळा गरगर फिरवितो आणि थोड्याच वेळात विरून जातो. ती वावटळ; तिच्यापासून सहसा जिवास अपाय नसतो. बंगालच्या सपाट मुलखात चैत्र-वैशाखातच मेघगर्जनेसह येणारी वादळे ‘कालवैशाखी’ या नावाने प्रसिद्ध आहेत. त्यांतूनच कधी कधी काळ्या ढगातून सोंडेसारखा भोवरा जमिनीपर्यंत उतरतो. त्याचा पट्टा पुष्कळदा काही शे मीटरच रुंद असतो व आयुष्य काही मिनिटांचे. परंतु त्या पट्ट्यात सापडलेले काहीच धडपणी उरत नाही. बांगलादेशातील माणिकगंज जिल्ह्यात २६ एप्रिल १९८९ रोजी दौलतपूर व साटुरिया या भागांतून असा भोवरा गेला आणि सुमारे तेराशे माणसे मृत्युमुखी पडल्याचा अंदाज झाला. जगात ज्ञात असलेल्या अशा भोवऱ्यांत हा सर्वांत प्राणघातक समजला जातो. १९९८ च्या मार्चमध्ये मेदिनीपूर जिल्ह्यातील दांतन व त्यालगतच्या ओडिशातील गावांत अशाच भोवऱ्याने शंभरांवर बळी घेतले. दोन्हीकडे मेले ते कुडाच्या, मातीच्या व पत्र्याच्या घरांत राहणारे खेडूत. उडालेला पत्रा तलवारीसारखा काम करतो, आणि शहराच्या पक्क्या इमारतींतून हे सहसा ध्यानात येत नाही.

कोकणावर येते ते चक्रीवादळ याहून निराळे. त्याचा जन्म ढगात नव्हे, तापलेल्या समुद्रावर होतो. पृष्ठभागाचे पाणी साधारणपणे २६-२७ अंशांहून अधिक उष्ण झाले म्हणजे त्याची वाफ वर चढते, तिचे पाणी होताना उष्णता मोकळी होते, त्या उष्णतेने हवा आणखी वर उचलली जाते आणि खाली पोकळी भरून काढण्यास चहूंकडून वारा धावतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे तो सरळ न येता वळसा घेतो. आपल्या गोलार्धात हा वळसा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने असतो. असे चक्र शेकडो किलोमीटर रुंद होते व दिवसेंदिवस टिकते. त्यास ‘सायक्लोन’ हे नाव एकोणिसाव्या शतकात कलकत्त्यास राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टन यांनी दिले. सापाच्या वेटोळ्यावरून त्यांना हा शब्द सुचला.

या चक्राच्या मध्यभागी वारा जवळजवळ शांत असतो. यामुळे मध्यभाग ज्या गावावरून जातो, तेथे एक फसवा प्रकार घडतो. प्रथम एका दिशेने वारा झोडपून काढतो. मग एकाएकी सारे निवते. संकट टळले असे समजून माणसे उडालेली कौले पाहावयास बाहेर पडतात. आणि तोच नेमक्या उलट दिशेने दुसरा तडाखा बसतो. पहिल्या वाऱ्याने कलंडून मुळे सैल झालेले झाड दुसऱ्या वाऱ्यात उन्मळून पडते. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हेही ध्यानात धरले पाहिजे. ताशी साठ किलोमीटरांचा वारा एकशेवीसचा झाला, तर त्याचा जोर दुप्पट न होता चौपट होतो. पावसाळ्यातील नेहमीचा सोसाट्याचा वारा सहन करणारे छप्पर चक्रीवादळातही टिकेल, हा हिशेब म्हणूनच चुकतो.

कोकणास या वादळांचा सराव नाही, यास कारण आहे. बंगालच्या उपसागरात जितकी चक्रीवादळे होतात, त्यांच्या मानाने अरबी समुद्रात फारच थोडी होत आली आहेत. साधारणपणे चारास एक असे हे प्रमाण सांगितले जाते. जी होतात त्यांपैकी पुष्कळशी पश्चिमेस अरबस्तानाकडे निघून जातात, काही वळून गुजराथेस लागतात. ऐन पावसाळ्यात समुद्र तापलेला असला तरी खालचा व वरचा वारा परस्परविरुद्ध दिशांनी जोराने वाहत असतो. त्यामुळे चक्र उभे राहू शकत नाही. उरतात ते पावसाळ्यापूर्वीचे व पावसाळ्यानंतरचे काही आठवडे. या सर्व कारणांनी कोकणच्या एखाद्या विशिष्ट गावावर चक्रीवादळ थेट येण्याचा योग माणसाच्या आयुष्यात एखाद्या वेळी यावयाचा, कित्येकांच्या आयुष्यात मुळीच यावयाचा नाही. आजोबांनी पाहिलेले नातवापर्यंत पोहोचत नाही.

पूर्व किनाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. तेथे संकट पुन्हा पुन्हा येते व विसरू देत नाही. ५ ऑक्टोबर १८६४ च्या वादळात कलकत्ता व हुगळीकाठच्या मुलखात पन्नास-साठ हजार माणसे गेली. त्या आघातानंतर, आणि पुढे पाऊस न पडून आलेल्या दुष्काळांनंतर, १८७५ मध्ये सरकारने हिंदुस्थानचे हवामानखाते स्थापन केले. या खात्याचे मुख्य ठाणे पुढे सिमल्यास गेले आणि तेथून १९२८ मध्ये आपल्या पुण्यास आले. शिवाजीनगरची ती घड्याळाच्या मनोऱ्याची दगडी इमारत पुणेकर अद्याप ‘सिमला ऑफिस’ म्हणून ओळखतात. ज्या खात्याच्या जन्मामागे किनाऱ्यावरील हजारो मृतांची आठवण आहे, त्याचे मुख्य ठाणे समुद्रापासून इतक्या दूर येऊन काही काळ आपल्या शेजारी राहिले.

आठवण जागी ठेवल्याने काय साधते, तेही पूर्व किनाऱ्यानेच दाखविले. १९७० च्या नोव्हेंबरात त्या वेळच्या पूर्व पाकिस्तानात भोला बेटाच्या परिसरात समुद्र चढून आला आणि निदान तीन लाख माणसे नाहीशी झाली. १९९९ च्या ऑक्टोबरात ओडिशात सुमारे दहा हजार बळी पडले. त्यानंतर ओडिशाने किनाऱ्यावर पक्के निवारे बांधले, गावोगावी माणसे तयार केली, इशारा घरोघर पोहोचविण्याची रीत बसविली. २०१३ च्या ऑक्टोबरात ‘फायलिन’ हे तशाच तोडीचे वादळ आले, तेव्हा सुमारे दहा लाख लोक आधीच हलविले गेले होते आणि मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. वाऱ्याचा जोर कमी झाला नव्हता. माणसांची तयारी वाढली होती.

कोकणच्या बाबतीत माणसे दगावली ती बहुधा समुद्रावर. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी एकाच दिवशी ‘जयंती’ व ‘तुकाराम’ या दोन प्रवासी आगबोटी कोकणकिनाऱ्यावरील तुफानात बुडाल्या. पुढे वीस वर्षांनी, १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वाटेत वाऱ्यापावसाच्या तडाख्यात सापडून उलटली आणि सहाशेंहून अधिक प्रवासी बुडाले. ‘रामदास’ ज्यात गेली ते चक्रीवादळ नव्हते, पावसाळी वाऱ्याचा सोसाटा होता. पण त्या अपघातातील एक बाब आपल्या विषयाशी निगडित आहे. बोटीवर बिनतारी संदेशाचे यंत्र नव्हते. मुंबई बंदरापासून काही मैलांवर शेकडो माणसे पाण्यात हातपाय मारीत असता मुंबईस तासन्‌तास त्याचा पत्ता नव्हता. कोणी पोहून, कोणी कोळ्यांच्या होड्यांतून किनाऱ्यास लागले, तेव्हा वार्ता कळली.

संदेश न पोहोचणे, ही या किनाऱ्याची जुनी व्यथा आहे. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ नावाचे चक्रीवादळ कोकणच्या किनाऱ्याकाठाने वर सरकत अलिबाग व मुंबई यांच्या दरम्यान जमिनीवर चढले. ते येत असल्याचे वेधशाळांना ठाऊक होते. परंतु रत्नागिरी व सिंधुदुर्गाकडील कित्येक मच्छीमार आधीच दूर समुद्रात होते आणि त्यांच्यापैकी पुष्कळ परत आले नाहीत. बंदरावर धोक्याचा बावटा चढविला, तरी तो पाहणारा बंदरात असावा लागतो. २०२१ च्या मे महिन्यात ‘तौक्ते’ हे वादळ कोकणकिनाऱ्यास घासून गुजराथेकडे गेले, तेव्हा इशारा वेळेवर मिळूनही मुंबईच्या समुद्रातील तेलक्षेत्रात कामगारांना घेऊन नांगरलेली एक तराफा-नौका व तिच्या मदतीची एक बोट बुडाली आणि मिळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. इशारा मिळणे निराळे आणि त्याप्रमाणे वागणे निराळे, हा धडा येथे फार महाग पडला.

आता जमिनीवरील वादळाकडे येऊ. ३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ हे चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस, श्रीवर्धन-दिवेआगरच्या आसपास किनाऱ्यावर चढले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता, झोत याहूनही जोराचे होते. मुंबईवर येणार अशी साऱ्या देशाला धास्ती होती. मुंबई बचावली आणि वर्तमानपत्रांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण वर सांगितलेल्या चक्राच्या वळशाचा विचार करा. पश्चिमेकडून किनाऱ्यावर येणाऱ्या चक्राच्या दक्षिण अंगास वारा समुद्रावरून जमिनीकडे वाहतो व त्याच्या जोरात चक्राच्या स्वतःच्या गतीची भर पडते. म्हणून उत्तरेकडील मुंबईपेक्षा दक्षिणेकडील श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड व दापोली या तालुक्यांस त्याचा मार अधिक बसला. शहर वाचले ते अर्धे दैवाने व अर्धे भूगोलाने. खेड्यांच्या वाट्यास दोन्हींपैकी काही आले नाही.

किनाऱ्यावरील हजारो माणसे आधीच हलविलेली असल्यामुळे बळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके पडले; त्यांपैकी काही तर घाट ओलांडून आलेल्या वाऱ्याने आपल्या पुणे जिल्ह्यात घेतले. मृतांच्या यादीत हे वादळ म्हणूनच क्षुल्लक दिसते. एक लाख बळींच्या त्या काल्पनिक वादळापुढे तर ते नगण्यच. मग कोकणातील माणूस २०२० पूर्वीचे व नंतरचे अशी काळाची विभागणी का करतो?

याचे उत्तर वाडीत आहे. श्रीवर्धन हे पेशव्यांचे मूळ गाव म्हणून पुणेकरांस ठाऊक आहे. बाजारात मात्र त्याचे नाव सुपारीमुळे आहे. श्रीवर्धनी रोठा सुपारी प्रसिद्ध आहे. घरामागे पाच-दहा गुंठ्यांचे वाफे, त्यांत ओळीने उभ्या पोफळी, कडेने माड, पोफळींच्या अंगावर मिरवेल, त्यांच्या सावलीत जायफळ व केळ, आणि या साऱ्यास शिंपण्यासाठी विहीर, अशी ही मांडणी पिढ्यानुपिढ्या चालत आली आहे. पोफळीचे झाड हाताच्या वेढ्यात मावेल इतके बारीक व घराच्या दुप्पट-तिप्पट उंच असते. ३ जूनच्या दुपारी काही तासांत अशा वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. एक पोफळ पडताना शेजारच्या चार पोफळींस घेऊन पडली. सावली गेली म्हणून जे जायफळ उभे राहिले, तेही उन्हाने करपू लागले.

नुकसानभरपाईचा प्रश्न आला तेव्हा सरकारी हिशेब हेक्टरावर चालत होता; बागायतीस हेक्टरी ५०,००० रुपये असा दर वाढवून ठरविण्यात आला. पण ज्याची सारी मिळकत दहा गुंठ्यांची, आणि तीही सामायिक सातबाऱ्यावर, त्यास हेक्टराच्या दराने हाती काय पडणार? तक्रार झाल्यावर झाडावार दर ठरला: माडास २५० रुपये व पोफळीस ५० रुपये. हा दर ठरविणाऱ्यांस दोष देण्याचा येथे हेतू नाही. पण पोफळ लाविल्यापासून फळास येण्यास पाच-सात वर्षे लागतात आणि तिला भर येण्यास आणखी काही वर्षे जातात. साठीच्या माणसाने वाडी पुन्हा लावावयाची, ती आपण तिचे पीक खाऊ या आशेने नव्हे. आणि मुले पुण्या-मुंबईस नोकरीस असतील, तर लावावयाची कोणासाठी, हा प्रश्न उरतो. वादळाने झाडे पाडली; त्याबरोबर गावात राहण्याचे एक कारणही पाडले. ही हानी मृतांच्या आकड्यात कोठेच दिसत नाही.

त्यातून काळ कोणता, तर आगोटीचा. मृग लागण्यापूर्वी कोकणातील घर कौले चाळून, शाकारणी उरकून, लाकूडफाटा, धान्य, सुके मासे यांची चार महिन्यांची बेगमी करून तयार होते. अशा वेळी छप्पर उडाले आणि साठविलेले सारे भिजले. विजेचे खांब मुळापासून वाकले; कित्येक गावांस महिनाभर दिवा दिसला नाही. दूरध्वनीचे मनोरे पडल्यामुळे पुण्यातील माणसांस गावाकडील आईवडिलांची खुशाली दिवसेंदिवस कळली नाही. ‘रामदास’ बुडाल्यास त्र्याहत्तर वर्षे होत आली असता, ज्या काळात माणसाच्या खिशात बोलते यंत्र असते त्या काळात, संदेशाची तीच तुटलेली तार पुन्हा अनुभवास आली. पुढे तेच वारे घाट चढून मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नरपर्यंत आले आणि तेथील घरांचे पत्रे व फुलांची हरितगृहे घेऊन गेले. चक्रीवादळ ही किनाऱ्याचीच बाब आहे, ही देशावरची समजूत त्या संध्याकाळी मोडली.

हे एकदाच झाले व आता पुन्हा शंभर वर्षे व्हावयाचे नाही, असे म्हणता आले असते तर बरे होते. परंतु आपल्याच पाषाण येथील उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास निराळे सांगतो. १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेने २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या सुमारे ५२ टक्क्यांनी वाढली. बंगालच्या उपसागरातील संख्या किंचित घटली. अरबी समुद्राचे पाणी पूर्वीपेक्षा अधिक तापू लागले आहे, हे त्याचे मुख्य कारण दिले जाते. यांपैकी प्रत्येक वादळ कोकणावर येईल असे नाही. बहुतेक येणारही नाहीत. तथापि आजोबांच्या वेळेचा अनुभव नातवाच्या वेळेस पुरेल, हा भरवसा आता धरता येत नाही.

मग करावयाचे काय? निवारे बांधणे, विजेच्या तारा जमिनीखालून नेणे, समुद्रावरील होड्यांपर्यंत इशारा पोहोचविणे, ही सरकारची कामे आहेत. चक्रीवादळांपासून बचावाच्या राष्ट्रीय प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राचा समावेश झालेला आहे. ती कामे पुरी होतात की नाही, हे विचारीत राहणे आपले काम. परंतु एक काम असे आहे की, ते सरकारला करता येणार नाही आणि पुण्यातील घरांस करता येईल. ते आठवणीचे.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. त्या पुराचे पाणी कोठवर चढले होते, हे नदीकाठच्या जुन्या पेठांतील माणसे भिंतीवर हात ठेवून सांगत आली आहेत. पाणी भिंतीवर रेघ सोडून जाते. वारा रेघ सोडीत नाही. पडलेले झाड सरपणात जाते, उडालेले कौल बदलले जाते, आणि दहा वर्षांत गाव असे दिसू लागते की जणू येथे काही घडलेच नव्हते. म्हणून वाऱ्याची आठवण मुद्दाम लिहूनच ठेवावी लागते.

पुण्यात अशी घरे थोडी नाहीत की, ज्यांचे मूळ घर कोकणात आहे, ज्यांच्या माळ्यावर जुन्या पेटीत गावाकडील पत्रे, वाडीचे हिशेब, वहिवाटीचे कागद पडलेले आहेत. त्या पत्रांत एखाद्या वर्षी ‘वाऱ्याने पोफळी फार पडल्या’ अशी ओळ सापडण्याचा संभव आहे. देवस्थानच्या कीर्द-खतावणीत एखाद्या सालीच देवळाच्या शाकारणीचा खर्च एकाएकी वाढलेला दिसला, तर त्या सालाचा तपास करण्याजोगा आहे. असे दहा गावांतील दहा कागद एका तिथीवर जुळले, तर वेधशाळेपूर्वीचे एक वादळ हाती लागेल. जुने कागद ज्यांनी जपले व वाचले, त्या भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना याच शहरात १९१० मध्ये झाली. सनदा व तहनामे शोधण्याची जी चिकाटी येथील लोकांनी दाखविली, तिचा थोडा अंश वाऱ्यापावसाच्या नोंदींस मिळावा, एवढीच अपेक्षा आहे.

आणि ज्यांनी ‘निसर्ग’ स्वतः पाहिले, त्यांस अद्याप विचारता येते. वारा प्रथम कोणत्या दिशेने आला, मध्ये शांतता किती वेळ होती, मग तो कोणीकडून उलटला. समुद्र कोणत्या घरापर्यंत आला. कोणते छप्पर टिकले व ते कसे बांधलेले होते. कोणती झाडे उभी राहिली. रस्ता कितव्या दिवशी मोकळा झाला व पहिली मदत कोठून आली. एवढे प्रश्न एका वहीत उतरून घेऊन ती वही गावच्या वाचनालयात किंवा ग्रामपंचायतीत ठेवावी. पुढच्या वेळी घर बांधणाऱ्यास ते छप्पर कसे बसवावे, आणि वाडी लावणाऱ्यास वाऱ्याच्या बाजूस कोणती झाडे लावावीत, हे तीतून कळेल. शांत झालेल्या वाऱ्यात कौले पाहावयास बाहेर पडू नये, एवढे एक वाक्य जरी तीतून कोणाच्या ध्यानात राहिले, तरी एखादा जीव वाचेल.

१८८२ सालच्या त्या न झालेल्या वादळाची नोंद आता हळूहळू याद्यांतून गळू लागली आहे. तिच्या रिकाम्या जागी खऱ्या वादळांची नावे लिहावयाची, तर ती किनाऱ्यावरील माणसांकडूनच मिळविली पाहिजेत. आणि ज्यांच्या डोळ्यांसमोर वाडी आडवी झाली, ते सांगणारे आज आपल्यांत आहेत.